पुस्तक परत करण्यापूर्वी : प्रबंधातील संदर्भ आणि संदर्भसूची यांची तयारी

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयाचे ग्रंथालय सांभाळताना उन्हाळ्याच्या तोंडावर दरवर्षी एकच प्रसंग ठरलेला असतो. प्रबंध टंकून झालेला असतो, डीटीपीवाल्याने पाने लावून दिलेली असतात, बांधणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जायचा दिवसही ठरलेला असतो, आणि अशा वेळी विद्यार्थी संदर्भसूचीसाठी पुस्तके मागायला येतो. तोपर्यंत निम्मी पुस्तके दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर गेलेली असतात, काही नागपूरच्या किंवा अमरावतीच्या ग्रंथालयात बसून वाचलेली असतात, आणि एखाद्या पुस्तकाचे तर 'हिरव्या रंगाचे होते, मॅडम' एवढेच आठवत असते. मोठ्या शहरात ही चूक एका दुपारी दुरुस्त होते; आपल्याकडे तिच्यासाठी एसटीचे दोन फेरे आणि कामाचा एक दिवस खर्ची पडतो. त्यामुळे स्वल्पविराम कोठे द्यावा आणि कंस कोठे करावा हे पुढे पाहू. आधी पुस्तक हातात असतानाची पाच मिनिटे कशी वापरायची ते पाहू.

पहिली पायरी : वाचतानाच नोंद घेणे

पुस्तकाची माहिती मुखपृष्ठावरून कधीही उतरवू नये. मुखपृष्ठावर उपशीर्षक गाळलेले असते, नावापुढे पदव्या जोडलेल्या असतात, आणि वर्ष बहुधा नसतेच. आतले शीर्षकपृष्ठ आणि त्याच्या मागचे मुद्रणपृष्ठ ही दोन पाने उघडावीत. तेथून लेखकाचे पूर्ण नाव, शीर्षक आणि उपशीर्षक, संपादक किंवा अनुवादक असल्यास त्याचे नाव, कितवी आवृत्ती, तिचे वर्ष, प्रकाशनसंस्था आणि प्रकाशनाचे गाव एवढे उतरवून घ्यावे. ग्रंथ अनेक खंडांचा असेल तर आपण वापरलेल्या खंडाचा क्रमांकही लिहावा.

मुद्रणपृष्ठावर मुद्रकाचे नावही असते आणि नवखा विद्यार्थी हमखास तेच प्रकाशक म्हणून लिहितो. छापखाना आणि प्रकाशनसंस्था या वेगळ्या गोष्टी आहेत. सूचीत छापखान्याला जागा नसते.

आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतला फरकही येथेच पाहावा. आवृत्ती बदलते तेव्हा मजकूर आणि पृष्ठांक बदललेले असू शकतात, पुनर्मुद्रणात सहसा तोच मजकूर पुन्हा छापलेला असतो. विदर्भातील जातीजमातींवर लिहिणारे बहुतेक विद्यार्थी रसेल आणि हिरालाल यांचा 'द ट्राइब्स अँड कास्ट्स ऑफ द सेंट्रल प्रॉव्हिन्सेस ऑफ इंडिया' हा चार खंडांचा ग्रंथ पाहतात. तो लंडनच्या मॅकमिलनने १९१६ मध्ये प्रसिद्ध केला, पण हाती येते ते बहुधा फार नंतरचे पुनर्मुद्रण. नुसते पुनर्मुद्रणाचे वर्ष लिहिले तर वसाहतकाळातील निरीक्षण अलीकडचे असल्याचा भास होतो. नुसते १९१६ लिहिले तर तुम्ही पाहिलेली प्रत कोणती हे कळत नाही. अशा वेळी दोन्ही वर्षे द्यावीत, पुनर्मुद्रणाचे नोंदीत आणि मूळ प्रकाशनाचे नोंदीच्या शेवटी.

जुन्या मराठी पुस्तकांवर पुष्कळदा केवळ शके असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणजे शके १८४५ म्हणजे इसवी सन १९२३, ज्या वर्षी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. मात्र शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते, त्यामुळे माघ किंवा फाल्गुन महिना छापलेला असेल तर ७९ मिळवावे लागतात. महिना दिलेलाच नसेल तर '१९२३-२४' असे लिहिणे प्रामाणिकपणाचे ठरते.

उतारा वहीत घेताना त्याच ओळीत पृष्ठांक लिहावा. ही सूचना मी जरा जास्तच आग्रहाने करते, त्याला कारण आहे. माझ्या स्वतःच्या एम.फिल.च्या वेळी एका जुन्या ग्रंथातील आठ-दहा ओळींचा उतारा मी सुवाच्य अक्षरात उतरवला होता, पण पृष्ठांक टिपला नव्हता. मार्गदर्शकांनी पृष्ठ विचारल्यावर पहाटेच्या गाडीने मी नागपूर गाठले, ग्रंथ मागवला, आणि हाती आली ती वेगळीच आवृत्ती, जिच्यात प्रस्तावना वाढवून प्रकरणांचा क्रम बदलला होता. ग्रंथालय बंद होईपर्यंत पाने चाळूनही तो उतारा सापडला नाही. अखेरीस उतारा काढला आणि त्याच्या आधारावर उभा असलेला पूर्ण परिच्छेदही काढावा लागला.

आता मोबाइलमुळे हे काम सोपे झाले आहे. प्रत्येक पुस्तकाचे तीन फोटो घ्यावेत : शीर्षकपृष्ठ, मुद्रणपृष्ठ, आणि उताऱ्याचे पान, त्यावरचा पृष्ठांक दिसेल असे. फोटोत अंगठा पृष्ठांकावर आलेला असण्याचे प्रमाण इतके आहे की फोटो काढल्यावर तो तेथल्या तेथे मोठा करून पाहावा.

दुसरी पायरी : एक पद्धत ठरवणे

संदर्भ देण्याच्या पद्धती अनेक आहेत. सामाजिक शास्त्रे आणि शिक्षणशास्त्रात एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची पद्धत), भाषा आणि साहित्यात एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची पद्धत), इतिहासात तळटिपांची शिकागो पद्धत अधिक चालते. वैद्यक आणि अभियांत्रिकीत क्रमांकाने संदर्भ देतात. एपीएची सातवी आवृत्ती २०१९ च्या अखेरीस आली आणि एमएलएची नववी २०२१ मध्ये, त्यामुळे मित्राने दिलेल्या दहा वर्षांपूर्वीच्या नमुन्यावर विसंबू नये. पद्धत निवडण्यापूर्वी विद्यापीठाची सूचना आणि मार्गदर्शकांचे मत विचारावे, आणि ते तोंडी न ठेवता सिनॉप्सिसच्या (संशोधन आराखड्याच्या) वहीत लिहून ठेवावे.

तिन्हींतला फरक एका पुस्तकावरून पाहू. इरावती कर्वे यांचे 'युगान्त' हे पुस्तक पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने १९६७ मध्ये काढले. पृष्ठ ४५ हे केवळ नमुन्यासाठी घेतले आहे.

एपीएनुसार मजकुरात : (कर्वे, १९६७, पृ. ४५)
सूचीत : कर्वे, इ. (१९६७). युगान्त. देशमुख आणि कंपनी.

एमएलएनुसार मजकुरात : (कर्वे ४५)
सूचीत : कर्वे, इरावती. युगान्त. देशमुख आणि कंपनी, १९६७.

शिकागोच्या सतराव्या आवृत्तीनुसार तळटिपेत : इरावती कर्वे, युगान्त (पुणे: देशमुख आणि कंपनी, १९६७), ४५.

एपीएच्या सातव्या आवृत्तीने प्रकाशनाचे गाव गाळले आहे आणि लेखकाच्या नावाचे केवळ आद्याक्षर ठेवले आहे. मराठी प्रबंधात मात्र पूर्ण नाव आणि गाव देण्याची रीत रुळलेली आहे, आणि माझ्या मते ती टिकवावी, कारण 'पाटील, स.' किंवा 'देशमुख, व.' या आद्याक्षरांमागे आपल्याकडे डझनभर लेखक निघतात. एवढा बदल करायचा असेल तर तो पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत सारखा करावा. परीक्षक पद्धतीपेक्षा सरमिसळीवर अधिक बोट ठेवतात.

शीर्षक तिरप्या टायपात द्यावे असे या पद्धती सांगतात. देवनागरीत तिरपा टाइप म्हणजे बहुधा संगणकाने ओढून वाकवलेली अक्षरे असतात आणि ती वाचायला त्रासाची होतात. ठळक टाइप किंवा एकेरी अवतरणचिन्ह वापरले तरी चालते; कोणते वापरणार ते आधी ठरवावे.

तिसरी पायरी : मजकुरात संदर्भ कोठे द्यावा

दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेतले तर अवतरणचिन्ह आणि पृष्ठांक दोन्ही लागतात. दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत मांडला तर अवतरणचिन्ह लागत नाही, पण संदर्भ लागतोच. येथेच बहुतेकांची गफलत होते, कारण वाक्य आपण लिहिले म्हणजे विचारही आपला झाला असे वाटू लागते. आकडेवारी, नकाशा, तक्ता आणि छायाचित्र यांच्याखाली स्रोत लिहावा. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला यासारख्या सर्वज्ञात गोष्टीला संदर्भाची गरज नसते.

अवतरण लांब असेल, एपीएनुसार ४० किंवा अधिक शब्दांचे, तर ते अवतरणचिन्हांशिवाय, डावा समास वाढवून स्वतंत्र परिच्छेदात घ्यावे. तीन किंवा अधिक लेखक असतील तर मजकुरात पहिले आडनाव आणि पुढे 'व इतर' एवढे पुरते. एकाच लेखकाची एकाच वर्षातील दोन पुस्तके आली तर १९६७अ आणि १९६७ब असा भेद करावा, आणि तोच सूचीतही दाखवावा. तळटिपांच्या पद्धतीत लगतच्या टिपेत तोच ग्रंथ आला तर 'तत्रैव' लिहितात. पण प्रबंध दुरुस्त करताना मध्ये एखादी नवी टीप घुसली की 'तत्रैव' भलत्याच ग्रंथाला चिकटते, म्हणून पहिल्या खर्ड्यात लेखकाचे नाव आणि लघुशीर्षकच लिहावे आणि 'तत्रैव' अगदी शेवटी घालावे.

ओवी, अभंग किंवा लीळा यांच्या बाबतीत पृष्ठांकापेक्षा मूळ क्रमांक उपयोगी पडतो. तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेच्या प्रती घरोघरी वेगवेगळ्या छपाईच्या असतात, पण ४१ अध्यायांची मांडणी तीच असते. तेव्हा (ग्रामगीता, अध्याय, ओवी) या क्रमाने संदर्भ दिला की वाचक आपल्या देवघरातल्या प्रतीतही ती ओवी काढू शकतो. लीळाचरित्राचे तसे नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरशी जोडलेल्या या ग्रंथाच्या वेगवेगळ्या संपादित आवृत्त्यांत लीळांचे क्रमांक जुळत नाहीत, म्हणून वि. भि. कोलते यांची १९७८ ची आवृत्ती वापरली की शं. गो. तुळपुळे यांची, हे पहिल्याच उल्लेखात सांगावे आणि नंतर पूर्वार्ध-उत्तरार्ध व लीळा क्रमांक द्यावा.

आता दुय्यम संदर्भ. रसेल आणि हिरालाल यांचे एखादे विधान तुम्ही मराठी लेखकाच्या पुस्तकात वाचले, मूळ ग्रंथ उघडला नाही, तर मजकुरात 'रसेल आणि हिरालाल (१९१६), उद्धृत' असे लिहून पुढे त्या मराठी लेखकाचे नाव, वर्ष आणि पृष्ठ द्यावे. सूचीत केवळ मराठी पुस्तक येईल. न वाचलेला इंग्रजी ग्रंथ सूचीत घातल्याने सूची वजनदार दिसते हे खरे, पण मौखिक परीक्षेत परीक्षक नेमका त्याच ग्रंथाविषयी विचारतात.

चौथी पायरी : नावे आणि अकारविल्हे क्रम

सूचीत आडनाव आधी येते : तुळपुळे, शं. गो. आणि कोलते, वि. भि. नावापुढच्या डॉ., प्रा., राष्ट्रसंत, पद्मश्री या उपाध्या गाळाव्यात. यात अनादर नाही. बाबासाहेब हे आदराचे संबोधन असल्यामुळे नोंद 'आंबेडकर, भीमराव रामजी' अशी होते, आणि मजकुरात तुम्ही 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' असे अवश्य लिहावे. संतांची नावे उलटवत नाहीत. 'महाराज, तुकडोजी' अशी नोंद मी प्रत्यक्ष पाहिलेली आहे. टोपणनावाने छापलेले पुस्तक त्याच नावाखाली येते, म्हणून नागपूरच्या ग्रेस यांची नोंद ग्रेस म्हणूनच होईल, हवे असल्यास कंसात (माणिक गोडघाटे) जोडता येईल. संपादित ग्रंथातला एकच लेख वापरला असेल तर नोंद त्या लेखाच्या लेखकाच्या नावाने करावी, संपादक नंतर येतो.

क्रम अकारविल्हे लावावा, पण तो संगणकाने लावल्यावर डोळ्यांनी तपासावा. आपल्या वर्णमालेत क्ष आणि ज्ञ शेवटी येतात, संगणक मात्र क्ष हे अक्षर क, हलन्त आणि ष असे साठवतो, त्यामुळे क्षीरसागर हे आडनाव 'क'च्या मुक्कामाला गेलेले दिसू शकते. इंग्रजी ग्रंथांची नोंद इंग्रजी लिपीतच, वेगळ्या भागात करावी. एकाच सूचीत दोन लिप्या मिसळल्या की क्रम लागतच नाही.

पाचवी पायरी : आपल्याकडची साधने

संदर्भाच्या बहुतेक पुस्तिका छापील ग्रंथ आणि नियतकालिके गृहीत धरून लिहिलेल्या असतात. गावात राहून शोधकार्य करणाऱ्याची साधने मात्र निराळी असतात, आणि खरी अडचण तेथेच येते.

शासन निर्णय उद्धृत करताना विभागाचे नाव, विषय, निर्णयाचा क्रमांक आणि दिनांक द्यावा. शेवटच्या पानावर, सहीच्या वर, हा निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे असे वाक्य असते. तो लांबलचक संकेतांकही नोंदीत घ्यावा, कारण त्यावरून निर्णय थेट शोधता येतो. जनगणनेची जिल्हा पुस्तिका वापरली तर लेखक म्हणून संस्थेचे नाव येते. त्यात जनगणना कोणत्या वर्षाची आणि पुस्तिका कोणत्या जिल्ह्याची, हे दोन्ही हवे.

वर्तमानपत्राच्या बाबतीत आवृत्ती लिहिणे अत्यावश्यक आहे. एकाच दैनिकाच्या नागपूर, अकोला आणि अमरावती आवृत्तींत बातम्या आणि पाने वेगळी असतात, शिवाय जिल्ह्याची पुरवणी निराळी असते. कापसाच्या भावाविषयीचे एखादे कात्रण वहीत चिकटवताना दैनिकाचे नाव, आवृत्ती, दिनांक आणि पृष्ठ त्याच वेळी समासात लिहावे. तारखेविना कात्रण प्रबंधात घेता येत नाही.

मुलाखती हा आपल्या विद्यार्थ्यांचा सर्वांत मोठा ठेवा आहे. समजा तुम्ही पूर्व विदर्भातील झाडीपट्टी रंगभूमीवर काम करता आणि धान कापणीनंतरच्या हंगामात गडचिरोली जिल्ह्यातील वडशाला जाऊन एका ज्येष्ठ कलावंताशी बोललात. एपीएनुसार अशा वैयक्तिक संभाषणाचा उल्लेख केवळ मजकुरात येतो, सूचीत नाही. एमएलएनुसार ती मुलाखत सूचीत येते. मराठी प्रबंधात परिशिष्टात मुलाखतींची स्वतंत्र यादी देणे मला सर्वांत सोयीचे वाटते, ज्यात नाव, गाव, व्यवसाय, मुलाखतीचा दिनांक आणि ध्वनिमुद्रण आहे किंवा नाही हे असावे. नाव छापण्यास परवानगी आधी घ्यावी. कर्ज, आजार किंवा घरातील मृत्यू यांविषयी बोलणाऱ्या शेतकऱ्याचे नाव, गाव आणि गट क्रमांक तीन्ही एकत्र देऊ नयेत, 'शेतकरी क्र. ३' एवढे लिहून खरी ओळख आपल्या वहीत ठेवावी. सातबाऱ्याची प्रत जोडण्याचा मोह होतो, पण तिच्यावर सगळ्या खातेदारांची नावे असतात.

दुसऱ्याचा प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावरून घेतला असेल तर संशोधकाचे नाव, वर्ष, शीर्षक, 'अप्रकाशित पीएच.डी. प्रबंध', विद्यापीठ आणि शेवटी शोधगंगेचा उल्लेख असा क्रम ठेवावा. शोधगंगा हे केवळ भांडार आहे, तिला लेखक किंवा प्रकाशक समजू नये. संकेतस्थळावरील मजकुराला पाहिल्याचा दिनांक जोडावा, आणि पानाची प्रत पीडीएफ करून ठेवावी, कारण सरकारी संकेतस्थळांचे पत्ते बदलतात. नियतकालिकातील लेखाला डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) असेल तर लांब पत्त्याऐवजी तोच द्यावा.

सहावी पायरी : टंकन आणि संगणक

तालुक्याच्या ठिकाणचे पुष्कळ डीटीपी चालक अजून कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकन करतात. त्या फॉन्टमधील मजकूर संगणकाच्या लेखी रोमन अक्षरांची माळ असतो, त्यामुळे त्याचा अकारविल्हे क्रम लागत नाही, शब्द शोधता येत नाही, आणि दुसऱ्या यंत्रावर फाइल उघडली की चौकोन आणि चिन्हे दिसतात. काम देण्यापूर्वीच युनिकोडचा, म्हणजे कोणत्याही यंत्रावर देवनागरी म्हणूनच वाचल्या जाणाऱ्या टंकनाचा, आग्रह धरावा.

झोटेरो हे मोफत साधन नोंदी साठवते आणि वर्ड किंवा लिबरऑफिसमध्ये सूची आपोआप तयार करते. पन्नासपेक्षा अधिक नोंदी असतील तर ते शिकायला घालवलेले दोन दिवस वाया जात नाहीत. मराठी नोंदींत मात्र 'एट अल.' आणि संपादकाची इंग्रजी खूण तशीच उमटू शकते. ती शेवटी हाताने बदलावी. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना संदर्भ शोधायला सांगू नये. लेखक खरा, विषय खरा आणि पुस्तक मात्र कधी लिहिलेच गेले नाही, अशा नोंदी ती साधने बेमालूम तयार करतात.

साम्य तपासणीची, म्हणजे प्रबंधातला मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो ते संगणकाने पाहण्याची, भीती अनेकांना वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्क्यांना सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, आणि ६० टक्क्यांच्या वर साम्य असेल तर नोंदणी रद्द होते. या मोजणीतून संदर्भसूची आणि संदर्भासह दिलेली अवतरणे वगळलेली आहेत. म्हणजे संदर्भ नीट दिल्याने टक्का वाढत नाही.

सातवी पायरी : जुळणी

बांधणीपूर्वी सूची छापून घ्यावी आणि सोबत एक मित्र बसवावा. त्याने प्रबंधाचे पान पान उलटत कंसातला प्रत्येक संदर्भ मोठ्याने वाचावा, तुम्ही सूचीत त्या नोंदीसमोर पेन्सिलीने खूण करावी, आणि वर्षाचे आकडे दोन्हीकडे तेच आहेत का ते पाहावे. दोनशे पानांच्या प्रबंधाला यासाठी साधारण एक दुपार लागते. मजकुरात आले पण सूचीत नाही असे जे नाव निघेल त्याची माहिती मोबाइलमधल्या त्या तीन फोटोंवरून भरावी. खूण न झालेल्या नोंदी सूचीतून काढाव्यात. त्या वाचल्या असतील आणि ठेवायच्याच असतील तर 'अधिक वाचनासाठी' या निराळ्या मथळ्याखाली घ्याव्यात. मग सूची पुन्हा छापून पहिली प्रत मार्गदर्शकांकडे द्यावी आणि ग्रंथालयाची पुस्तके त्यानंतर परत करावीत.